नवा धक्का, जुना धक्का

सोमवार, ४ तारीख

ताई,

मायना वगैरे लिहीत नाही. साष्टांग नमस्कार घातला तर तू म्हणशील, चार वर्षं तोंड दाखवलं नाही आणि आता कागदावर लोटांगण घालतोय. तसंही हे पत्र टपालात पडणार नाही. तुझ्या गावाकडे आमचं टपाल जात नाही. जातात ती फोटो काढणारी विमानं, आणि ती काही कुणाच्या दारात पत्रं टाकत नाहीत.

आज आमच्या खोलीत नवा नकाशा आला. इतके दिवस आम्ही नाव नसलेल्या किनाऱ्यासाठी कागद काळे करत होतो. कुठे उतरायचं ते वरच्यांनी सांगितलंच नव्हतं. शिपायांनी गुंडाळी टेबलावर उलगडली, कोपऱ्यांवर वजनं ठेवली, आणि पाहतो तर काय, आपली खाडी. आपली वाळूची पट्टी, दोन्ही धक्के, टेकडी. मी हातातला चहाचा कप जिथे टेकवला ती नेमकी भावोजींची शाळा निघाली. बडे साहेब म्हणाले, "कप उचला, तिथे गाव आहे."

"हो साहेब, दिसतंय," मी म्हटलं. पुढे काही बोललो नाही. माझं गाव आहे म्हणून सांगितलं असतं तर त्यांनी मला दुसरीकडे कुठेतरी कागद सारायला बसवलं असतं, आणि हे काम अशा कुणाकडे गेलं असतं की ज्याला आपली आळी आणि मोरी सारखीच. म्हणून गप्प बसलो. तू असतीस तर म्हणाली असतीस, गप्प बसायला तुला जमतं होय रे?

मी काय काम करतो हे तुला कधी नीट सांगितलंच नाही. तुला वाटतं मी तोफा उडवतो. तोफा दुसरे उडवतात. कुठलं जहाज कुठे उभं राहील, कशावर मारा करील आणि कधी थांबेल, हे मी ठरवतो. सैन्य चपट्या होड्यांतून किनाऱ्याकडे येतं. तोवर आम्ही जहाजांवरून किनारा झोडपायचा, आणि होड्या जवळ आल्या की मारा उचलून आत, टेकडीकडे न्यायचा. याला आम्ही 'उचल' म्हणतो. उचल लवकर झाली तर शत्रू डोकं वर काढतो आणि होड्यांतली पोरं मरतात. उशिरा झाली तर तीच पोरं आमच्या गोळ्यांनी मरतात. सारा जीव त्या एका उचलीत.

आणि यावेळी त्या किनाऱ्याच्या मागे तू आहेस.

शेवटच्या बोटीवर तुझ्यासाठी जागा धरली होती मी. तुझ्या नवऱ्यासाठीही. शत्रू गावाच्या वेशीवर आणि भावोजी काय म्हणाले, "पुढच्या आठवड्यात मुलांच्या परीक्षा आहेत." मी चारचौघांत त्यांना शेळपट म्हणालो. अजूनही म्हणतो. तू म्हणालीस, "मला भाऊ नव्हता असं समजेन मी." समजलीस का गं खरंच?

— गुंड्या

शुक्रवार, ८ तारीख

ताई,

आज मी पोटभर जेवलो. कारण ऐक.

जहाजावरच्या तोफेचा गोळा बराचसा सपाट जातो. समोर जे उभं आहे त्याला तो फोडतो, पण टेकडीच्या पाठीला लपलेलं त्याला सापडत नाही. इतरांसाठी ही आमच्या तोफांची खोड. पायदळाचा एक मेजर आमच्यात आणून बसवलाय, तो तर या खोडीवरून रोज माझा जीव खातो. "टेकडीमागे शत्रू बसला असेल तर तुम्ही काय त्याला हाका मारणार?" म्हणतो. मी मान खाली घालून ऐकून घेतो आणि मनात म्हणतो, टेकडीमागे माझी बहीण बसली आहे बाबा. आपलं घर, तुझा गोठा, ती वाकडी विहीर, सगळं पाठीला आहे. मी पट्टी लावून तपासलं. पुन्हा तपासलं. एकाही जहाजाचा गोळा तुझ्या अंगणात पोचत नाही.

मेजर माणूस वाईट नाही. पहिल्या होड्यांतून तो स्वतः उतरणार आहे. आपल्या पोरांची नावं त्याला तोंडपाठ आहेत, आणि चहा पिताना तो मधूनच एखाद्याबद्दल सांगतो, अमक्याला पोहता येत नाही, तमक्याचं लग्न ठरलंय. मग माझ्याकडे बघतो, आणि मी कप ठेवून पुन्हा पट्टी उचलतो.

नकाशावर आपल्या धक्क्यांची नावं वाचून मात्र मला हसू फुटलं. दगडी धक्क्याला लिहिलंय 'जुना धक्का' आणि सिमेंटच्याला 'नवा धक्का'. बरोबरच आहे म्हणा. दगडी आजोबांच्या वेळचा, सिमेंटचा आपल्या डोळ्यांदेखत झालेला. पण बाहेरच्याला कसं कळावं की आपल्याकडे सगळा उलटा कारभार! मूळचा लाकडी धक्का वादळात वाहून गेला तेव्हा पलीकडे दगडी बांधला, तो झाला 'नवा', आणि तेच नाव त्याला जन्मभर चिकटलं. पुढे लाकडी धक्क्याच्या जागेवर सिमेंटचा बांधला, तर गाव म्हणालं, जुन्या जागेवरचा तो जुनाच. सिमेंट ओलं होतं तेव्हापासून तो बिचारा जुना.

तुला बघायला आले तेव्हा भावोजींची काय फजिती झाली होती, आठवतं? बाबांनी कळवलं होतं, नव्या धक्क्यावर उतरा, आम्ही घ्यायला येतो. भावोजी आपल्या मामांना घेऊन सिमेंटच्या धक्क्यावर उन्हात उभे, आपण सगळे दगडी धक्क्यावर. शेवटी मामा चक्कर येऊन बसले तेव्हा कुणीतरी शोधून आणलं. लग्न झाल्यावरही त्यांनी ते मनातून काढलं नाही. शाळेत पोरांना सांगायचे, "जे नवं आहे त्याला नवं म्हणावं." पोरं वर्गात हो म्हणायची आणि बाहेर पडली की पुन्हा आपलीच भाषा. एवढा जिद्दी मास्तर, पण गावानं त्याला एक शब्द बदलू दिला नाही.

— गुंड्या

मंगळवार, १२ तारीख

ताई,

जेवण, झोप सगळं उडालं.

गावातून बिनतारी यंत्रावर निरोप आला. आपलं कुणीतरी आत राहून अधूनमधून आम्हाला खबर देतं. कोण ते वरच्यांनाही ठाऊक नाही, नुसता एक आकडा आहे. निरोप असा: 'टेकडीमागची घरे रिकामी केली. नागरिक नव्या धक्क्याच्या गोदामात कोंडले आहेत, बहुतांश स्त्रिया व मुले. तोफा जुन्या धक्क्याच्या गोदामात.'

भाषा इतकी शुद्ध की मी म्हणालो, खबऱ्याला दहापैकी दहा गुण द्या. बोलून गेलो आणि मग पहिलं वाक्य डोक्यात शिरलं. पोटात गोळा आला. (आमच्या धंद्यात हे जपून म्हणावं लागतं.) तू घरात नाहीस. तू गोदामात आहेस, ऐन किनाऱ्यावर.

बड्या साहेबांनी तांबडी पेन्सिल घेतली आणि नकाशावरच्या नव्या धक्क्याभोवती, म्हणजे सिमेंटच्या धक्क्याभोवती, वर्तुळ काढलं. तांबडं वर्तुळ म्हणजे इथे एकही गोळा पडता कामा नये. मग दगडी धक्क्याच्या गोदामावर निळी फुली मारली. निळी फुली म्हणजे ते पहिल्या माऱ्यातच पाडायचं.

"थांबा साहेब," मी म्हणालो. "उलटं होतंय."

"काय उलटं?"

"त्या गावात दगडी धक्क्याला नवा म्हणतात. सिमेंटच्याला जुना."

"कोण म्हणतं असं?"

"सगळे. शेंबडं पोरसुद्धा."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"माझा जन्म तिथला. माझी बहीण आहे तिथे."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आणि हे तुम्ही मला आज सांगताय?"

मेजर म्हणाला, "साहेब, मागाहून रागवा. आधी वर्तुळ कुठे ते ठरवा."

मी म्हटलं, दोन्ही गोदामांभोवती तांबडं काढा. गयावया केली म्हण. मेजरनं आवाज चढवला नाही. "दोन्ही सोडलीत तर त्या तोफा माझ्या होड्या एकेक करून टिपतील," तो म्हणाला. "दोन्ही पाडा असं मी म्हणत नाही. कुठलं ते तेवढं सांगा. तुम्ही गावचे आहात ना?"

विमानातले फोटो काढून पाहिले. दोन्ही गोदामं एकाच मापाची, दोन्हींवर पत्रे, दोन्हींवर जाळ्या. फोटो मुके.

साहेबांनी मला विचारलं, "खबर देणारा गावचाच असेल कशावरून? बाहेरून येऊन राहिलेला कुणी असला तर?"

मी हसलो, ताई. खरंच हसलो. म्हणालो, "साहेब, बाहेरचा माणूस त्या गावासाठी जिवावर उदार होईल होय? हा कुणी मासेमार असणार, पाचवी-सहावी शिकलेला. आणि मासेमार दगडी धक्क्याला नवाच म्हणणार."

साहेबांनी वर्तुळ खोडलं. दगडी धक्क्याभोवती तांबडं काढलं आणि सिमेंटच्यावर निळी फुली मारली. खात्रीसाठी गावाकडे उलट निरोपही पाठवला: दगडी की सिमेंटचा? उत्तराची वाट बघतोय. पण मला उत्तराची गरज नाही. मी आज या खोलीत नसतो तर तुझ्यावर पहिला गोळा आम्हीच टाकला असता.

— गुंड्या

गुरुवार, १४ तारीख

ताई,

आता जहाजावर आहे. उत्तर आलं नाही. यंत्र गप्प आहे. पकडला गेला असेल बिचारा, नाहीतर त्यालाही गोदामात कोंडलं असेल.

मला कामावरून काढलं नाही. साहेब म्हणाले, "तुमच्यावर कारवाई होईल, पण उतरल्यानंतर. तोवर तुमचं डोकं मला लागणार." मेजरनं माझ्या पाठीवर थाप मारली. जाताना म्हणाला, "तुमच्या ताईंना सांगा, त्यांच्या हातचं जेवायला येतो."

भावोजींना माझा एक निरोप सांग. म्हणावं, तुम्ही पोरांना आयुष्यभर नकाशा शिकवलात, पण शेवटी जीव वाचवला तो गावच्या उलट्या बोलण्यानं. रागावतील. रागावू देत. यावेळी मी माफी मागीन असं वाटतंय, शेळपट म्हणाल्याची. बघू.

— गुंड्या

रविवार, १७ तारीख

ताई,

लिहितोय, पण कुणाला, ते ठाऊक नाही. तू आहेस की नाहीस?

उजाडता उजाडता मारा सुरू झाला. माझ्या आखणीत म्हणशील तर खोट नव्हती. सुरुंग काढणाऱ्या बोटी वेळेत बाजूला झाल्या, जहाजं आपापल्या जागी उभी राहिली. सिमेंटच्या धक्क्यावरचं गोदाम सुरुवातीच्या माऱ्यातच बसलं. दुर्बिणीतून पाहिलं, पत्रे वर उडाले आणि मग नुसती धूळ. माझ्या शेजारचा पोरगेला अधिकारी म्हणाला, "तोफा गेल्या!" मी मान हलवली. मला बरं वाटलं. हे लिहितोय कारण ते खरं आहे: मला बरं वाटलं.

होड्या निघाल्या. उचल झाली, जशी व्हायला हवी तशी. आमचे गोळे टेकडीवर पडायला लागले, किनारा शांत झाला. होड्या अगदी जवळ पोचल्या, आणि दगडी धक्क्याच्या गोदामाचे दरवाजे आतून उघडले.

आत तोफा होत्या.

पुढचं मी लिहीत नाही. मेजरची होडी डावीकडून तिसरी होती. आता ती कुठेच नाही.

सगळे ओरडत होते, कुणी साहेबांना, कुणी मला. मला काही ऐकू येत नव्हतं. मला एकच गोष्ट कळली, आणि ती किनाऱ्यावर पाय ठेवण्याआधीच कळली. निरोप कुणाचा होता ते. खबऱ्यानं दगडी धक्क्याला जुना म्हटलं होतं आणि सिमेंटच्याला नवा. अख्ख्या गावात असं बोलणारा माणूस एकच.

त्याला मी शेळपट म्हणायचो.

बुधवार, २० तारीख

ताई,

हे शेवटचं पत्र. तुझ्या खाटेपासून चार हातांवर, व्हरांड्यात बसून लिहितोय. शाळेचं इस्पितळ केलंय. वर्गांत खाटा आहेत आणि फळ्यावर अजून कसलीशी गणितं तशीच.

तू सापडलीस तेव्हा मी ओळखलं नाही. केस जळलेले, उजवा हात खांद्यापर्यंत बांधलेला. तूच हाक मारलीस, "गुंड्या?" तुझा चष्मा नसताना, नुसत्या माझ्या चालण्यावरून ओळखलंस म्हणालीस. मग डाव्या हातानं माझा हात धरलास आणि सोडला नाहीस.

मी काही विचारायच्या आतच तू सांगत सुटलीस. भावोजी यंत्र शाळेच्या माळ्यावर, मोडक्या बाकांमागे ठेवायचे. त्या शेवटच्या बोटीच्या आधीच त्यांनी ते काम पत्करलं होतं. परीक्षेचं निमित्त होतं. मला सांगायची सोय नव्हती, कारण माझ्या पोटात काही राहत नाही. "तू त्यांना बोललास ना, तर घरी येऊन हसले रे," तू म्हणालीस. "म्हणाले, बरं झालं, चारचौघांत म्हणाला. आता कुणाला संशय यायचा नाही."

शाळेतली मुलं गोदामात कोंडली तेव्हा त्यांच्याबरोबर तेही आत गेले. त्यांच्यावर सक्ती नव्हती. आत जाण्याआधी शेवटचा निरोप धाडला. तू त्यांना म्हणाली होतीस, गावच्या भाषेत सांगा. त्यावर ते म्हणाले, "तिकडे नकाशा घेऊन बसलेली माणसं असणार. त्यांना आपली उलटी भाषा काय कळणार? नकाशात आहे तेच सांगतो."

मारा सुरू झाल्यावर मुलं रडायला लागली, तर त्यांना म्हणाले, हे आपल्यावर नाही, आपल्याला वगळलंय. आणि पाढे म्हणायला लावले. गेले ते त्या मुलांबरोबरच. तूही त्यांना धीर दिलास. दरवाजा मोडून बाहेर पळायला निघालेल्या बायकांना तू अडवलंस. म्हणालीस, इथेच थांबा, इथे गोळा पडायचा नाही, माझा भाऊ त्यांच्यात आहे.

हे सांगताना तू रडली नाहीस. फक्त मला विचारलंस, "नकाशाप्रमाणेच तर सांगितलं होतं रे. मग चुकलं कसं?"

मी म्हणालो, "लढाईत चुकतं, ताई."

तू माझा हात दाबलास आणि म्हणालीस, "त्या खोलीत तू नसणार. तू असतास तर असं झालंच नसतं. तू गावचा." आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवलास. चार वर्षांनी. मी तो फिरवू दिला. तू मला क्षमा करत होतीस, त्या शेवटच्या बोटीच्या वेळच्या भांडणाची, आणि मी ती घेतली, कारण मला ती हवी होती.

पण मी होतो, ताई. त्याच खोलीत होतो. साहेबांनी वर्तुळ बरोबर काढलं होतं. नकाशा बरोबर होता, भावोजी बरोबर होते. साहेबांनी मला विचारलंही होतं, खबर देणारा बाहेरचा असला तर? मी हसलो. त्या खोलीत फक्त मी चुकलो, आणि चुकलो ते गावचा होतो म्हणून.

कारवाई माझ्या गप्प बसण्याबद्दल होईल, वर्तुळाबद्दल होणार नाही. साहेब म्हणतात, उपलब्ध माहितीनुसार निर्णय योग्य होता. तसं ते लिहून देणार आहेत. तू ते मानू नकोस. गोदामातल्या मुलांच्या आया बाहेरच्या वर्गांत पडून आहेत. कोण चुकलं ते त्यांना तू सांगायचं की मी, एवढंच तू ठरव. तू म्हणशील तसं करीन.

तुला हे चष्म्याशिवाय वाचता येणार नाही. मी वाचून दाखवलं असतं, पण मी स्वतःला ओळखतो, मधली दोन वाक्यं मी सहज खाऊन टाकीन. म्हणून ही सगळी पत्रं नर्सबाईंकडे देतोय. पहिल्यापासून सावकाश वाचा, असं त्यांना सांगितलंय. त्या वाचत असताना मी तुझ्या खाटेशी बसलेला असेन. तू माझा हात धरलेला असशील. त्या या ओळीपर्यंत आल्या की सोडलास तरी चालेल.